स्वतःच्या आतड्यात दोन खेपा

आधी चूक कबूल करते, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला माझी दया येणार नाही. माझ्या मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून तपासणी व्हायची होती आणि तिच्या आदल्या दुपारी मी मटण खाल्लं. चवीपुरतं नव्हे. तांबडा रस्सा दोन वाट्या, पांढरा एक, सुक्कं ताटात मावेल तेवढं, आणि तोंडी लावायला हिरव्या मिरचीचा खरडा. दवाखान्यानं दिलेल्या कागदावर स्वच्छ मराठीत छापलं होतं: भाताची पातळ पेज, शहाळ्याचं पाणी, आणि बी असलेलं काहीही नको. जेवताना तो कागद माझ्या कमरेच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा गळ्याला हात लावून सांगितलं, की पेजेशिवाय पोटात काही नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तेव्हा मी अवघी एकाहत्तर वर्षांची होते. त्या वयात बायकांना अक्कल बेताचीच असते.

आमच्या गावात काशीला जाऊन आलेली पाच-सहा माणसं आहेत. ती न विचारता सांगत सुटतात. ही तपासणी करून आलेलीही तीन-चार तरी असतील, पण ती विचारलं तरी बोलत नाहीत. मान खाली घालून "बरं हाय" म्हणतात आणि गोठ्याकडं वळतात. त्यामुळं भजनाला येणाऱ्या बायकांचा असा समज झालाय, की तिथं माणसाला उलटं टांगतात. तसं काही नसतं. मी गेले, पाहून आले, आणि स्वतःच्या गाढवपणामुळं दोनदा जाऊन आले. तेव्हा सांगायचा हक्क माझाच.

मंगळवार: राधानगरी ते शिवाजी पेठ

उन्हाळ्यापासून मला दम लागत होता. आमचं गाव राधानगरी धरणाच्या अलीकडं, चढावर. शेतातून घरी येताना मला दोनदा बसावं लागायचं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "आजी, रक्त कमी होतंय. आतून कुठंतरी गळतंय. गळती शोधायला पाहिजे."

दत्ता, माझा मुलगा, ते ऐकून पांढरा पडला. कारण त्याच्या वडलांचं असंच झालं होतं. मालकांचं रक्त कमी व्हायला लागलं तेव्हा आम्ही त्यांना बीट, डाळिंब आणि लोहाच्या गोळ्या देत बसलो. आतड्यातली गाठ कळली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दत्ता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. त्यानं कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात बुधवारी सकाळची वेळ घेतली आणि मला कागद वाचून दाखवला. दोनदा. मी दोनदा मान हलवली.

आता प्रश्न मुक्कामाचा. आदल्या संध्याकाळी दोन लिटर पाण्यात पावडर कालवून प्यायची, की पोट धुऊन निघतं. ते पिऊन राधानगरीहून कोल्हापूरपर्यंत गाडीत बसायची कुणाची छाती नाही. दत्ताची खोली शिरोलीला, आठ खोल्यांत मिळून दोन संडास. म्हणून ठरलं की शिवाजी पेठेत माझ्या नणंदेकडं उतरायचं. हौसावन्सं माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. मनानं मोठं घर, आणि मुख्य म्हणजे माडीवर वेगळा संडास. लोक प्रवासात देऊळ बघून मुक्काम ठरवतात, आम्ही हे बघून ठरवला.

फक्त वन्संना तपासणीचं सांगायचं नाही, असं मी दत्ताला बजावलं. एकुलता भाऊ त्यांचा. त्याच आजाराचं नाव पुन्हा त्यांच्या घरात काढायला माझी जीभ वळेना. बरं, निमित्तही आयतं होतं. आषाढातला मंगळवार, त्यांच्या गल्लीची टेंबलाईची जत्रा. जत्रेला भावजय आली, यात कुणाला नवल?

निघताना भोगावतीच्या काठानं सगळीकडं रोप लावण चालली होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका चिखलात ओळीनं वाकलेल्या. मी थर्मासमध्ये पेज घेतली होती. भर रस्त्यात म्हशींचा कळप आडवा आला, दत्तानं मागून आणलेल्या चारचाकीचा करकचून ब्रेक दाबला आणि झाकण उघडून बसलेल्या माझ्या मांडीवर सगळी पेज सांडली. दत्तानं थांबून स्वतःसाठी वडा घेतला आणि माझ्याकडं बघून, अपराध्यासारखं पाठमोरं उभं राहून खाल्ला. मी ओल्या लुगड्यानं आणि रिकाम्या पोटानं कोल्हापुरात शिरले. पुढच्या पापाची अर्धी जबाबदारी त्या म्हशींची आहे.

गल्लीत पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजत होतं. नदीचं नवं पाणी कळशांतून घेऊन पोरी टेंबलाईच्या डोंगराकडं निघालेल्या. पंचगंगेचं ते पाणी आषाढात चहासारखं असतं, पण देवीला तेच लागतं. आणि प्रत्येक दारातून मटणाचा वास. आमच्या गावच्या म्हाईला, म्हणजे गावजत्रेला, अंगणात पंगत बसते, मोजून वाढतात, वाढपी पुढं गेला की गेला. पेठेत तसं नाही. इथं एकेका पाहुण्याला गाठून, खांदे दाबून बसवतात आणि ताट रिकामं दिसलं की अपमान समजतात.

दत्ताची दुसरी पाळी होती. मला दारात उतरवून, डोळ्यांनी चार सूचना देऊन तो शिरोलीला पळाला. माझा एकमेव पहारेकरी गेला.

"आलीस व्हय," वन्सं म्हणाल्या. "भाऊ गेल्यापासनं फिरकायचंच सोडलीस. मला वाटलं मेलीस का काय."

"जत्रंला आलो की, वन्सं."

"मग बस पानावर."

"सकाळी जेवूनच निघालतो."

"सकाळचं सकाळी. जत्रंच्या दिवशी पावणं माझ्या दारातनं उपाशी गेलं तर टेंबलाई मला विचारंल, तुला न्हाय."

"पोटाला जरा बरं न्हाय."

"त्याला पांढरा रस्सा चांगला," म्हणाल्या आणि वाटी पुढं सरकवली.

आता मला सांगा, कोल्हापुरात जन्म काढलेल्या बाईनं यावर काय उत्तर द्यायचं? खरं सांगायचं नव्हतं, आणि खोट्याला त्यांच्याकडं प्रत्येक वेळी औषध होतं. मी मनात हिशेब मांडला तो असा: संध्याकाळी दोन लिटर पावडरचं पाणी प्यायचंच आहे. कपडे जरा जास्त मळले तरी साबण तेवढाच लागतो की. या शास्त्रावर विसंबून मी पहिला घास घेतला. खरडा तर मी मागून घेतला. ते वन्संच्या माथ्यावर मारता यायचं नाही.

संध्याकाळी माडीवर बसून मी ते औषध प्यायले. चव म्हणाल तर लिंबू सरबत करताना साखरेऐवजी मिठाचा डबा उपडा झाला आणि कुणी कबूल केलं नाही, तशी. वन्संना सांगितलं, ॲसिडिटीचं आहे. मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. सातव्या-आठव्या फेरीला वन्सं जिन्यात उभ्या.

"मटण बाधलं व्हय गं?"

"न्हाय वो, प्रवासाचं."

त्यांचा विश्वास बसला नाही. पदर खोचून त्या गल्लीत उतरल्या आणि त्यांच्याकडं जेवून गेलेल्या प्रत्येक घरी जाऊन विचारून आल्या, की कुणाचं पोट बिघडलंय का. चाळीस वर्षं त्यांचा रस्सा पेठेत नावाजलेला. मी वरून खिडकीतून त्यांना दारोदार हिंडताना बघत होते आणि तरीही बोलले नाही. अशी मी.

बुधवार: लाल चौकट

सकाळी दत्ता मोटरसायकल घेऊन आला. वन्संना सांगितलं, अंबाबाईला जाऊन येतो.

दवाखान्यात पाठीमागून उघडा असलेला एक झगा देतात. तो घालून चालायची एक पद्धत आहे: दोन्ही हात मागं बांधायचे आणि फौजदारासारखं चालायचं. आत एक खाट, एक मोठा पडदा, आणि पडद्याशेजारी संगणकापुढं बसलेली प्राजक्ता नावाची मुलगी. तिचे वडील वारणानगरच्या कारखान्यात, ती तिथंच इंजिनिअरिंग शिकलेली. डॉक्टरीणबाई तिशी-पस्तिशीच्या, बाह्या वर सरकवलेल्या, आवाज खणखणीत.

"काल काय खाल्लासा आजी?"

"प्येज."

"नक्की?"

"देवाशपथ."

मी त्यांना म्हटलं, मला पुरतं झोपवू नका, स्वतःचं घर आतून बघायची संधी परत मिळायची नाही. त्या हसल्या आणि थोडंसंच गुंगीचं औषध दिलं. मी कुशीवर, पडदा समोर.

त्या पडद्यावर कॅमेऱ्यातलं चित्र दिसतं आणि चित्राभोवती एक चौकट असते. चौकट कधी हिरवी, कधी लाल. प्राजक्तानं मला समजावून सांगितलं. "आजी, हे यंत्र रोग ओळखत नाही. त्याला एवढंच कळतं, की समोरचं चित्र बघण्यालायक आहे का. फेस आला, कॅमेरा हलला, उजेड चमकला, घाण आडवी आली, की लाल. स्वच्छ दिसलं की हिरवी. डॉक्टर चित्र बघतात, हे चित्राचा दर्जा पाहतं."

"त्याला कुणी शिकवलं?"

"मी आणि डॉक्टरांनी. हजारो चित्रं बसून बघितली. हे चांगलं, हे वाईट, हे चांगलं, हे वाईट. कधीकधी आमचंच भांडण व्हायचं."

कॅमेरा अजून बाहेरच होता. तो मोठ्या सिस्टरबाईंच्या तोंडावर गेला आणि चौकट लाल झाली. सिस्टरबाईंनी पडद्याकडं बघितलं, मग प्राजक्ताकडं. मी हसले, तर झग्याच्या गाठी सुटल्या.

आणि मग आम्ही आत गेलो.

सुरुवातीचा मुलूख चांगला आहे. ओली, गुलाबी, कमानीमागून कमान असलेली वाट, दाजीपूरच्या जंगलात दोन्ही बाजूंची झाडं एकमेकांना टेकतात तशी. चौकट हिरवी. बाजूला आतड्याचा नकाशा असतो, पालथ्या घातलेल्या मडक्याच्या आकाराचा. जेवढा भाग स्वच्छ दिसला तेवढा भरत जातो. मला वाटलं, जमलं. पहिलं वळण हिरवं. मधली वाट, थोडी लाल, थोडी हिरवी. दुसरं वळण घेऊन आम्ही उजव्या बाजूला उतरलो आणि समोर आषाढातली पंचगंगा.

लाल. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची पिचकारी मारली. लाल. नळीनं ओढून घेतलं. क्षणभर हिरवी, परत लाल. मग नळीत काहीतरी अडकलं आणि ओढणं बंदच झालं. सिस्टरबाई पुढं आल्या. पडद्यावर, अगदी कॅमेऱ्याच्या तोंडाशी, चपटं, पिवळसर, गोल असं काहीतरी चिकटलेलं होतं. एक. मग तीन. मग मोजण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"आजी, प्येजंत मिरच्या घालत्यात व्हय राधानगरीला?"

मी डोळे मिटून घेतले आणि गुंगी आल्याचं सोंग केलं.

"डोळं उघडा. गुंगी एवढी दिल्याली न्हाय."

खरड्याच्या बिया. माझं पाप टीव्हीवर, माझ्याच डोळ्यांपुढं, हाताएवढं मोठं करून.

कॅमेरा बाहेर आला. यंत्रानं प्रत्येक भागाला तीनपैकी गुण दिले: डाव्या बाजूला दोन, मधल्या भागाला दोन, उजव्या बाजूला शून्य. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजवीकडचं काय बी दिसलं न्हाय. परत यायला लागंल."

आणि मी, मिरचीच्या बियांसकट पकडलेली बाई, वाद घालायला लागले. "दोन विषयांत पास झालो की. एका विषयासाठी कशाला अडवताय? जेवढं दिसलं तेवढं बरं हाय न्हवं? मग बरं हाय म्हणून लिहा."

"शाळेत वर ढकलत्यात, आजी. मी ढकललं तर तुम्ही कुठल्या वर्गात जाल, विचार करा."

"त्या मशीनला काय कळतंय?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला ओळखीचं वाटलं. मी गावच्या दूध संस्थेत सव्वीस वर्षं दूध घेतलं. फॅट काढायचं मशीन आलं तेव्हा पाणी घातलेल्या दुधाचा धनी प्रत्येक वेळी हेच म्हणायचा: मशीनला काय कळतंय. आणि तिशीतली मी, नाकाचा शेंडा वर करून, त्याचं दूध परत करायची. "मशीन खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतंय," असं चारचौघांत सुनावायची. एकदा तर सख्ख्या चुलत दिराची कॅन ओतून दिली आणि आठवडाभर त्या प्रामाणिकपणाच्या तोऱ्यात फिरले. ती मी आत्ता इथं असती तर माझी कॅन ओतून मोकळी झाली असती. बरं झालं नव्हती. फार आगाऊ होती.

प्राजक्ता खुर्ची ओढून जवळ बसली. "आजी, यंत्रानं तुम्हाला आजारी म्हटलेलं नाही. बरंही म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलंय, की हा भाग कुणी बघितलेलाच नाही."

तेव्हा मी कबूल केलं. मटण, रस्सा, खरडा, सगळं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणाच्या घरचं. मी म्हणाले, नणंदेच्या, शिवाजी पेठेत. त्या म्हणाल्या, "मग त्यात तुमची चूक अर्धीच." पण दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली आणि पावडरचा पुडा हातात ठेवला.

बाहेर दत्ता उभा होता. त्यानं पाळी बदलून घेतली होती, आता उद्याचीही बदलावी लागणार होती. मी सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडं उलटी उत्तरं तयार होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आये, आबांच्या टायमाला आपल्याला म्हाईतच न्हवतं. आता म्हाईत हाय की."

मोटरसायकलवर बसून आम्ही शिवाजी पेठेत परतलो.

बुधवार दुपार: पेठेतला पहारा

वन्सं दारातच. "कुणाचं बी पोट बिघडलेलं न्हाय. सतरा घरं विचारून आलो. तुझंच कसं बिघडलं, सांग."

आता त्यांचा रस्सा आणि माझं खोटं यांतलं एक वाचणार होतं. मी ओट्याशेजारच्या पाटावर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. रक्त कमी होतंय. गळती शोधतायत. उजवी बाजू दिसली नाही. उद्या परत. मालकांचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

वन्सं बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातनं वाढलो."

"तुमाला काय ठावं."

"मी खांदा दाबून बसवलो तुला."

"खरडा मी मागून घेतलो, वन्सं."

"त्ये बी मीच केल्यालं."

मग उठल्या. उरलेला रस्सा, सुक्कं, खरड्याची वाटी, सगळं डब्यांत भरलं आणि शेजारी देऊन आल्या. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. सुनेला सांगितलं, आज या घरात भाताची पेज सोडून चुलीवर काही चढणार नाही. सून आणि मुलगा जेवायला बाहेर गेले, मला वाटतं आनंदानंच. आणि वन्सं माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. मी पेज प्यायले, त्यांनी पेज प्यायली. मी बिनदुधाचा चहा घेतला, त्यांनीही घेतला आणि तोंड वाकडं केलं. शहाळी आली ती दोन आली.

"तुमी कशाला उपाशी ऱ्हाताय?"

"माझं मी बगीन. तू पी."

संध्याकाळी पावडरचं पाणी कालवलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातून भांडं घेतलं, वास घेतला आणि एक घोट घेऊन बघितला. विषाची परीक्षा घ्यावी तसा. थुंकायची पाळी आली, पण थुंकल्या नाहीत, गिळला. "ह्ये तू काल माझ्या चोरून सगळं प्यालीस?"

"व्हय."

"मग तुला मटण पचायलाच पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. दर पाव तासाला पेला भरायच्या, मी संपवेपर्यंत नजर हलवायच्या नाहीत. मधेच एकदा मी अर्धा पेला मोरीत ओतायच्या विचारात होते, हेही कबूल करते. वन्संनी पेला माझ्या हातात असतानाच बुडाला बोट लावून वर केला, वासराला पाजावं तसा. पन्नास वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हा याच बाईनं माझी पहिली भाकरी उलटसुलट करून, काही न बोलता कुत्र्याला घातली होती. तेव्हा मी आठ दिवस रडले होते. इतकी नाजूक होते मी, सांगते काय.

गुरुवार: हिरवी चौकट

या खेपेला वन्सं बरोबर. बाहेरच्या बाकावर दत्ताशेजारी बसल्या, मांडीवर रिकामी पिशवी.

"काय खाल्लासा?" डॉक्टरीणबाई.

"प्येज."

"देवाशपथ नगं. बाहेर साक्षीदार हाय का?"

"हाय. त्या बी कालपासनं प्येजेवरच हाईत."

आत गेलो. वाट तीच, पण कालच्यापेक्षा वेगळी. पाऊस थांबल्यावर कातळ धुऊन निघतो आणि बारीकसारीक रेघा दिसायला लागतात, तसं. कमानींवर तांबड्या शिरांचं जाळं, नाजूक, झाडाच्या फांद्यांसारखं. मी एकाहत्तर वर्षं हे पोटात घेऊन हिंडत होते आणि त्यात रोज काय काय भरत होते, याची थोडी लाज वाटली. चौकट हिरवी, हिरवी. एकदा लाल झाली तर मी दचकून म्हणाले, "मी काय बी केलेलं न्हाय." प्राजक्ता म्हणाली, "कॅमेरा भिंतीला टेकला, आजी. तुमचा दोष नाही." डॉक्टरीणबाईंनी मागं घेतला, परत हिरवी.

दुसरं वळण. उजवी बाजू. काल जिथं नदी होती तिथं आज स्वच्छ वाट. डॉक्टरीणबाई शेवटापर्यंत गेल्या आणि सावकाश माघारी यायला लागल्या. एका घडीपाशी थांबल्या. पुढं गेल्या, परत त्याच घडीपाशी आल्या.

"पाणी मारा."

घडीच्या आड, चपटा बसलेला, करवंदाएवढा एक कोंब. आमच्याकडं पावसात कुजक्या लाकडाला अळंबी फुटते, उमलायच्या आधी ती अशीच दिसते. तिच्या कडेला रक्ताचा बारीक ओघळ. चौकट हिरवी. ती हिरवी चौकट म्हणजे चांगली बातमी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. फक्त आता दिसत होतं.

"हीच का?" मी विचारलं.

"हीच. गप पडा."

त्यांनी कॅमेऱ्याच्या नळीतून तारेचा बारीक फास आत सोडला. अळंबीखाली पाणी भरून ती वर उचलली, फासात धरली, आवळली. मला दुखलं नाही. मी फक्त चौकटीकडं बघत होते. जणू ती लाल झाली तर फास निसटेल. ती झाली नाही. तुकडा बाहेर काढून बाटलीत घातला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा खांदे सैल सोडले आणि मला म्हणाल्या, "काल बरं हाय म्हणून लिहून दिलं असतं तर ही मजेत ऱ्हायली असती." तुकडा तपासणीला जाणार होता. काय ते आठ दिवसांनी.

झगा सोडून लुगडं नेसल्यावर प्राजक्ता कागद घेऊन आली. माझी चित्रं यंत्राला शिकवायला वापरली तर चालेल का, नाव-गाव काही जाणार नाही, असं विचारत होती.

"कुठली चित्रं? आजची का कालची?"

"दोन्ही. कालची 'वाईट' म्हणून, आजची 'चांगली' म्हणून. एकाच माणसाचे दोन्ही नमुने सहसा मिळत नाहीत."

मी सही केली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे नमुने घेतले, शेवटी माझा घेतला गेला.

बाहेर वन्संना सांगितलं, की एक कोंब होता, काढला, तपासायला गेलाय. त्यांनी एवढंच विचारलं, "आता खायाला चालतंय?" डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस मऊ भात सांगितला होता. वन्संनी तो कागद माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःच्या ब्लाउजात खोचला.

शुक्रवार ते शुक्रवार: घरी

परतीच्या रस्त्याचं सांगण्यासारखं काही नाही. म्हशी भेटल्या नाहीत. लावण उरकलेली रानं हिरवी दिसत होती आणि दत्ता गाडी हळू चालवत होता, जसा काही मी अंड्यांचा ट्रे.

ते आठ दिवस मी पहिल्यांदाच गप्प होते, असं गावात अजून सांगतात. खरं म्हणजे मी भीत होते. भजनाला गेले नाही. गोठ्यात जाऊन उगाच म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसायचे. मालकांचा रिपोर्ट आला तेव्हा दत्ता असाच फोन घेऊन अंगणात गेला होता आणि बराच वेळ आत आला नव्हता. शुक्रवारी फोन वाजला, तो घेऊन दत्ता अंगणात गेला. मी दारात उभी राहून त्याची पाठ बघत होते. पाठीवरून काही कळत नाही. मग तो खाली बसला, तिथंच, ओल्या दगडावर, आणि मला वाटलं संपलं.

"कॅन्सर न्हाय," तो म्हणाला. "व्हायच्या वाटेवर व्हती. सगळी निघालीया. तीन वर्सांनी परत बगायचं."

मी म्हणाले, "मग उठ की, ढुंगान भिजलं."

उठला नाही. मीही त्याच्याशेजारी जाऊन बसले. दोघांचीही भिजली.

संध्याकाळी वन्संना फोन लावला. पलीकडं गल्लीतला गोंगाट, मग त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज. मी सगळं सांगितलं. कॅन्सर नाही, कोंब निघाला, रक्ताच्या गोळ्या चालू, तीन वर्षांनी पुन्हा तीच तपासणी. नाक ओढल्यासारखा आवाज आला. मी म्हणाले, "वन्सं, हाय न्हवं?" मग त्यांचा नेहमीचा आवाज आला, खणखणीत, पेठेतला:

"तीन वर्सांनी येशील तवा पावणी म्हणून येऊ नगंस, मालन. आजारी म्हणून ये. पावण्याला जेवल्याबिगर सोडायला मला जमत न्हाय."